स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या तपासणी आणि मदतीच्या सेवा कशा सुधारता येतील?

माझ्या मते पहिली सुधारणा एकच: निदानाचा कागद हातात येईपर्यंत मदत थांबवू नका. तज्ज्ञांकडे नंबर लागायला महिनोन्महिने जातात आणि भाषा, खेळ, संवाद घडण्याचा काळ निघून जातो. वाचा-उपचार, पालकांना घरी करायच्या गोष्टी शिकवणं, हे शंका आली त्याच दिवसापासून सुरू करता येतं.

एम-चॅट-आर ही पालकांनी भरायची २० प्रश्नांची यादी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. ती फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. निदानासाठी मुलाचं प्रत्यक्ष निरीक्षण, पालकांकडून सविस्तर इतिहास आणि शाळेचं म्हणणं, तिन्ही हवं. श्रवणतपासणीही हवीच, ती फार वेळा राहून जाते.

किशोरवयीन मुलांकडे मात्र सगळ्यात कमी लक्ष जातं. मुली इतरांचं पाहून वागणं जुळवून घेतात, त्यामुळे त्यांचं निदान उशिरा होतं, कधी नुसतीच 'चिंता' म्हणून नोंद होते. स्वमग्नता आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) ही दोन्ही निदानं एकाच मुलाला देण्याची मुभा डीएसएम या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत आली. त्याआधी तपासलेल्या मुलांकडे पुन्हा पाहायला हवं. झोप, अपस्मार (फिट येणं), नैराश्य यांचीही विचारपूस प्रत्येक भेटीत व्हावी.

आणि अहवाल! त्यात नुसते चाचण्यांचे गुण नकोत. वर्गात गोंगाट असह्य झाला तर मुलाने कुठे जायचं, सूचना तोंडी द्यायची की लिहून, हे शिक्षकाला वाचून कळलं पाहिजे. मुलगा किंवा मुलगी सांगू शकत असेल तर तेही त्यांनाच विचारा.