इंटरप्ट आला, पण थांबेना

या खेपेचे सगळे प्रश्न क्यूएमू या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममधल्या 'एड्यू' या आभासी पीसीआय कार्डाचे आहेत (पीसीआय म्हणजे संगणकात कार्ड जोडायची बस). चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठात ड्रायव्हर, म्हणजे लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) कार्ड हाताळू देणारा कोड, शिकवण्यासाठी ते मुळात लिहिलं गेलं. रत्नागिरीत काय, मालवणात काय, खरं कार्ड हाताळायला मिळेलच असं नाही. एड्यू मात्र साध्या लॅपटॉपवरही चालतं.

प्रश्न : हँडलर (इंटरप्ट आल्यावर धावणारं फंक्शन) नोंदवला, इंटरप्ट (डिव्हाइसने प्रोसेसरला मारलेली हाक) उठवला, आणि अख्खं व्हर्च्युअल मशीन गोठलं. हँडलर 'हँडल्ड' परत करतो, तरी असं का? (रत्नागिरी, अभियांत्रिकी शेवटचं वर्ष)

कारण तुम्ही कर्नलला उत्तर दिलंत, डिव्हाइसला नाही. एड्यू सुरुवातीला जुन्या पद्धतीची, म्हणजे लेव्हल-ट्रिगर्ड लाइन वापरतं. अंगणात उभा राहिलेला पाहुणा 'ओ' मिळेपर्यंत हाका मारत राहतो, तशी ही लाइन. हँडलर संपला की लाइन अजून वरच दिसते, कर्नल पुन्हा हँडलरला बोलावतो, आणि प्रोसेसरला दुसरं काही सुचत नाही.

क्रम असा ठेवा. आधी हेक्स २४ या पत्त्यावरचं स्टेटस रजिस्टर (डिव्हाइसमधली नोंदीची जागा) वाचा. शून्य आलं तर इंटरप्ट आपला नाही. 'नन' परत करा, कारण लाइन शेजारच्या डिव्हाइसचीही असू शकते. शून्य नसेल तर वाचलेली तीच किंमत हेक्स ६४ वरच्या ॲक्नॉलेज (पोच देण्याच्या) रजिस्टरवर लिहा आणि मग 'हँडल्ड' म्हणा. सरसकट सगळे बिट पुसू नका. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणात नवा बिट लागला असेल, तर तो न पाहताच पुसला जाईल.

एक खूण लक्षात असू द्या. आपला इंटरप्ट असूनही हँडलर दर वेळी 'नन' म्हणाला, तर एक लाखांपैकी ९९,९०० हून अधिक इंटरप्ट बेवारस गेल्यावर कर्नल 'नोबडी केअर्ड' असं लॉगमध्ये लिहून लाइनच बंद करतो. तुमच्याकडे ही ओळ आली नाही, कारण 'हँडल्ड' म्हणून तुम्ही कर्नलचा हा पहारा झोपवलात.

प्रश्न : एमएसआय (तारेऐवजी संदेशाने येणारा इंटरप्ट) चालू केलं, व्हेक्टर (इंटरप्टचा क्रमांक) मिळाला, पण प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) इंटरप्ट्सच्या यादीत आकडा शून्यावरून हलत नाही. (देवगड)

पीसीआय सेट मास्टर हे फंक्शन प्रोबमध्ये, म्हणजे डिव्हाइस सापडल्यावर धावणाऱ्या फंक्शनमध्ये, बोलावलंय का पाहा. एमएसआयमध्ये वेगळी तार नसते, डिव्हाइस स्वतः मेमरीत लिहितं. बस मास्टरिंगची परवानगी नसेल तर ते लिहिणं वाटेतच विरतं. आणि एमएसआय असलं तरी एड्यूला ॲक्नॉलेज लागतंच.

प्रश्न : हँडलरमध्ये म्यूटेक्स (ज्यासाठी झोपून वाट पाहावी लागू शकते असं कुलूप) घेतला की 'शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक' येतं. (चिपळूण)

हँडलरला झोपायची मुभा नाही. स्टेटस वाचणं आणि ॲक्नॉलेज एवढंच तिथे करा, बाकीचं थ्रेडेड हँडलरकडे, म्हणजे वेगळ्या थ्रेडमध्ये धावणाऱ्या आणि झोपू शकणाऱ्या भागाकडे, सोपवा. दोघांत वाटून घ्यायची माहिती स्पिनलॉकखाली (न झोपता वाट पाहायच्या कुलुपाखाली) ठेवा.

प्रश्न : मॉड्यूल काढताना कधीतरीच कर्नल कोसळतो. इंटरप्ट 'डेव्हएम' पद्धतीने (घेतलेलं शेवटी आपोआप सोडणाऱ्या) घेतलाय, म्हणून रिमूव्हमध्ये (डिव्हाइस सोडताना धावणाऱ्या फंक्शनमध्ये) फक्त आयओ-अनमॅप, म्हणजे रजिस्टरांचं मॅपिंग काढायचं काम, करतो. (अलिबाग, घरून काम करणारा प्रोग्रामर)

चूक त्या 'म्हणून'मध्येच आहे. डेव्हएमने घेतलेला इंटरप्ट तुमचं रिमूव्ह संपल्यावर सुटतो. तोवर रजिस्टरांचं मॅपिंग तुम्ही काढून टाकलेलं असतं. त्या फटीत इंटरप्ट आला, किंवा सामायिक लाइनवर शेजाऱ्याचा आला, तरी तुमचा हँडलर अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर वाचायला जातो. एकतर दोन्ही गोष्टी डेव्हएमकडे द्या, म्हणजे त्या उलट्या क्रमाने सुटतील, किंवा दोन्ही स्वतः सोडा : आधी डिव्हाइसला गप्प करा, मग फ्री आयआरक्यू (इंटरप्ट सोडणारं फंक्शन), शेवटी अनमॅप. फ्री आयआरक्यू चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं, पण डिव्हाइसला गप्प करत नाही.

नशिबावर अवलंबून राहू नका. कर्नल बांधताना डीबग शेअर्ड आयआरक्यू हा पर्याय चालू करा. सामायिक म्हणून नोंदवलेला हँडलर सुटण्याच्या ऐन आधी कर्नल मुद्दाम एक खोटा इंटरप्ट पाठवतो, आणि 'कधीतरी' कोसळणारा ड्रायव्हर दर वेळी कोसळायला लागतो. दुरुस्तीला याहून मोठी मदत नाही.

प्रश्न : एड्यूवर नीट चाललेला हँडलर खऱ्या कार्डावर तसाच चालेल का? (मालवण)

तर्क तोच राहील, वेळेचं गणित बदलेल. क्यूएमूत ॲक्नॉलेज लिहिताक्षणी डिव्हाइसचा कोड धावतो, लाइन तिथल्या तिथे खाली येते. खऱ्या पीसीआयवर ते लिहिणं पुलांच्या (बस जोडणाऱ्या चिपांच्या) बफरमध्ये रेंगाळू शकतं. हँडलर परतला तरी लाइन वरच, आणि एक फुकटचा इंटरप्ट. ॲक्नॉलेजनंतर त्याच डिव्हाइसचं एक रजिस्टर वाचलं, की आधीचं लिहिणं पोहोचल्याशिवाय वाचन पुरं होत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये असं प्रत्येक वाचन महाग पडतं, कारण पाहुण्या सिस्टिममधून (मशीनच्या आत चालणाऱ्या) बाहेर, क्यूएमूकडे यावं लागतं. तरीही शिकण्याच्या ड्रायव्हरमध्ये ते आत्तापासून घाला.