लक्ष्मी रस्त्यावर मोटारबंदी केल्यास दुकाने बसतील का?

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर मोटारींना बंदी घातली तर तेथील व्यापार बुडेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते बुडणार नाही. आमचे साड्यांचे दुकान याच रस्त्यावर आहे आणि हा वाद आमच्या घरात कित्येक वर्षे चालू आहे.

११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिनानिमित्त या रस्त्याचा एक टप्पा वाहनांसाठी बंद ठेवला, तेव्हा काका सकाळीच म्हणाले की आज भवानीसुद्धा होणार नाही. प्रत्यक्षात, एरवी मुलांचा हात घट्ट धरून घाईने पुढे निघून जाणाऱ्या बायका त्या दिवशी काचेपाशी थांबून साड्या निरखत होत्या. काठी टेकत आलेल्या एक आजी जेथे बराच वेळ उभ्या राहिल्या, तेथे रोज काकांची स्वतःची मोटार सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असते. काकांचे म्हणणे असे की लोक गंमत पाहायला आले होते, बस्त्याचे गिऱ्हाईक मोटारीनेच येते. म्हणून पुढच्या लग्नसराईत मी गल्ल्यावर बसून प्रत्येकाला कसे आलात हे विचारले आणि वहीत लिहून ठेवले. बहुतेक जण बसने, रिक्षाने किंवा दुचाकीने आले होते, आणि बस्त्यासाठी मोटारीने आलेली कुटुंबेही मंडईजवळ गाडी लावून चालतच आली होती. काकांनी ती वही अजून उघडलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा गैरसमज केवळ आमच्या घरातला नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या दुकानदारांना आपली ४१ टक्के गिऱ्हाइके मोटारीने येतात असे वाटत होते. पाहणीत ते प्रमाण २२ टक्के निघाले. कोपनहेगनच्या स्ट्रॉगेट रस्त्यावर १९६२ साली मोटारी बंद झाल्या, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनाही हीच भीती वाटत होती. आज तो त्या शहरातील खरेदीचा मुख्य रस्ता आहे. आपल्याकडे तर सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रोही येते.

अर्थात, एका दिवसावरून वर्षभराचा अंदाज बांधता येत नाही. मालाचे गठ्ठे उतरवायला पहाटेची वेळ राखून ठेवावी लागेल, चालता न येणाऱ्यांसाठी सोय करावी लागेल, आणि केळकर व कुमठेकर रस्त्यांवर वाढणाऱ्या गर्दीचा विचार आधी करावा लागेल. दुचाकींचा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड आहे. तुम्ही स्वतः दुकानदार असाल, तर विरोधाच्या निवेदनावर सही करण्यापूर्वी महिनाभर गिऱ्हाइकांना विचारून पाहा आणि आपली मोटार तेवढे दिवस मंडईजवळच्या वाहनतळावर लावा.