दहा-बारा हजारात घरच्या एस्प्रेसोसाठी ग्राइंडर कुठला घ्यावा?

एवढ्या बजेटमध्ये सरळ हँड ग्राइंडर घ्या, इलेक्ट्रिकच्या नादी लागू नका. या किमतीतल्या इलेक्ट्रिकमध्ये बरेच पैसे मोटरचे जातात अन् बर (बिया दळणारं दातेरी चक्र) यथातथाच मिळतो.

किचनमधला मिक्सर तर विसराच. मी केलंय ते, चटणीच्या भांड्यात चिकमगळूरच्या बिया फिरवल्या, अर्धी पावडर मैदा आणि अर्धी रवा, शॉट (एका वेळची एस्प्रेसो) आठ सेकंदात धो धो खाली, चव म्हंजे आंबट पाणी (शिवाय पुढचे दोन दिवस चटणीला कॉफीचा वास, बायकोची बोलणी वेगळी).

एस्प्रेसोला बघायचं ते एकच, दळण बारीक-जाड करायची चकती एक क्लिक फिरवली की बर किती सरकतो. १८ ग्रॅम पावडरीतून साधारण २५-३० सेकंदात ३६ ग्रॅम कॉफी यायला हवी आणि क्लिक मोठी असली की एका क्लिकला शॉट धावतो, पुढच्या क्लिकला मशीन गुदमरतं, मधलं काही मिळतच नाही. टाइममोर सी२ हा हँड ग्राइंडर इथेच मार खातो, फिल्टर कॉफीला मस्त आहे पण. किंगराइंडर के६ या हँड ग्राइंडरची क्लिक १६ मायक्रॉनची, म्हणजे बारीक आहे, मी तोच घेईन. टाइममोरचाच सी३ ईएसपी पण चालेल.

फक्त लाइट रोस्ट (कमी भाजलेल्या, कडक बिया) असेल तर दळताना हात भरून येतात, सकाळी घाईत चौघांची कॉफी करायची असेल तर आधीच विचार करा. आणि मशीनसोबत डबल वॉल बास्केट (पावडर भरायची दुहेरी तळाची जाळी) आलं असेल तर सध्या तेच वापरा, त्यात दळण थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं.