साठ-सत्तरच्या दशकातलं ब्रिटिश पॉप आणि टीव्ही खरंच इतकं भारी होतं का? सुरुवात कुठून करावी?

गाणी, हो. टीव्ही, निवडून.

तुम्ही लिहिलंय की यूट्यूबवर टॉप ऑफ द पॉप्स या बीबीसीच्या गाजत्या गाण्यांच्या कार्यक्रमाचे जुने तुकडे आणि बीबीसीच्या विनोदी मालिका बघता, आपण चुकीच्या दशकात जन्मलो असं वाटतं, आणि नव्याने बघणाऱ्याने कुठून सुरुवात करावी ते कोणीतरी सांगा. मी १९६६ साली शाळकरी वयात आई आणि दादाबरोबर बर्मिंगहॅमला आले. बाबा आधीच येऊन कामाला लागले होते. तेव्हापासून मी इथेच आहे, म्हणून लिहितेय.

आधी एक लक्षात घ्या. तुम्ही बघताय तो अख्खा काळ नाही, उरलंसुरलं आहे. व्हिडिओ टेप महाग होती, त्यामुळे बीबीसी ती पुसून परत वापरायची. टॉप ऑफ द पॉप्स १ जानेवारी १९६४ ला मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतून सुरू झालं, पण साठच्या दशकातले त्याचे पूर्ण भाग आज बोटांवर मोजण्याइतके आहेत. बीटल्स त्यात 'तिकीट टू राइड' गातानाचा तुकडा बचावला, कारण १९६५ मध्ये डॉक्टर हू या विज्ञानकथा मालिकेच्या एका भागातली पात्रं तो पडद्यावर बघतात असं दाखवलं होतं. डेव्हिड बोवीचं १९७३ चं 'द जीन जिनी' एका कॅमेरामनने स्वतःसाठी प्रत काढून ठेवली होती म्हणून २०११ मध्ये हाती लागलं. शिवाय पहिला भाग सादर करणारा जिमी सॅव्हिल मेल्यानंतर त्याची दुष्कृत्यं बाहेर आली आणि तो असलेले भाग बीबीसीने पुन्हा दाखवणं थांबवलं. तेव्हा तुमच्यापर्यंत पोचतं ते गाळून, निवडून. आमच्या घरी गाळणी नव्हती.

आता गाण्यांबद्दल. मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसीचं पॉप गाण्यांचं स्टेशन रेडिओ वन सुरू झालं तेव्हा त्यावर वाजलेली पहिली रेकॉर्ड 'द मूव्ह'ची होती, आमच्या बर्मिंगहॅमच्या पोरांची. ब्लॅक सॅबथ हा बॅंडही आमच्या ॲस्टनचा. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा हलक्या लावल्या आणि वाजवत राहिला. आमच्या गल्लीतले निम्मे बाप तसल्याच कारखान्यांत होते. लंडनच्या झुळझुळीत कपड्यांतल्या बॅंडबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. आमच्याकडे गाणी कारखान्यातून घरी आलेल्या पोरांनी केली, आणि ती ऐकू येतात तशीच, घणासारखी. स्लेड बॅंडचा गायक नॉडी होल्डर वॉल्सॉलचा, म्हणजे बसने जाण्याच्या अंतरावरचा. त्याच्या उंच टोपीला गोल आरसे चिकटवलेले असत. आमच्या कृष्णधवल टीव्हीवरसुद्धा ते चमकायचे.

तो टीव्ही भाड्याचा. मागे नाण्यांची पेटी. पन्नास पेन्सचं नाणं टाकलं की तेवढा वेळ चालायचा आणि वेळ संपली की भर कडव्यात पडदा मिटायचा. ठरावीक दिवशी एक माणूस येऊन पेटी उघडायचा, नाण्यांच्या चळती टेबलावर रचायचा, भाडं वजा करायचा आणि वरचे पैसे आईच्या हातात द्यायचा. त्या पैशांतून दादा आणि मी एखादी सिंगल, म्हणजे एका गाण्याची छोटी रेकॉर्ड, मागून घ्यायचो.

आता १९७४ च्या जानेवारीतला पहिला गुरुवार. खाणकामगारांनी ओव्हरटाइम करायचं बंद केलेलं, कोळसा वाचवायला सरकारने कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज देण्याचा नियम नुकताच लागू केलेला. बाबांच्या कारखान्याच्या वाट्याला गुरुवार ते शनिवार आले होते. रात्री साडेदहाला टीव्ही बंद व्हायचा, म्हणून सगळे लवकर जेवून बसायचे. टॉप ऑफ द पॉप्स झालं. स्लेडचं नाताळचं गाणं अजून पहिल्या क्रमांकावर होतं. नेहमी बाबा त्या वेळी पेपर घेऊन आत जायचे, पण त्या दिवशी थांबले, कारण दादाने बातमी आणली होती की बीबीसीवर देवळालीची मालिका लागणार आहे.

आम्ही देवळाली कॅम्पचे. आजोबांचं तिथे शिंप्याचं दुकान, लष्कराची कामं करायचे. १९४५ मध्ये बाबा शाळेत होते आणि शाळा सुटली की शिवून झालेले कपडे बराकींत पोचवायचे. इथे आल्यापासून 'नाशिक' म्हटलं तरी कोणाला कळत नव्हतं, आणि आता आपली देवळाली थेट बीबीसीवर! बाबांनी आईला पोळ्या तशाच सोडून बाहेर बोलावलं.

मालिकेचं नाव 'इट एंट हाफ हॉट मम'. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी देवळालीच्या तोफखान्याच्या छावणीत नाच-गाण्याचे कार्यक्रम करणारी गोऱ्या सैनिकांची तुकडी, तिचा ओरडणारा सार्जंट मेजर आणि रंगी राम नावाचा देशी बेअरर. लिहिणाऱ्या दोघांपैकी जिमी पेरी स्वतः त्या काळी देवळालीला होता, तशाच तुकडीत. त्यामुळे बाबांना बरंच ओळखीचं दिसलं. बराकी बरोबर आहेत म्हणाले. जमीन बघून मात्र हसले, "आपल्याकडे असली वाळू कुठे? हे इथलंच कुठलं तरी." (इथलंच होतं.) रंगी राम चहावाल्याशी हिंदीत बोलायला लागला तेव्हा खूश झाले. "हा उत्तरेकडचा. बोलणं अस्सल आहे."

त्या लेखकांच्या मालिकांत शेवटी एकेका नटाचा चेहरा यायचा आणि खाली नाव. रंगी रामचा चेहरा आला आणि खाली आलं, मायकेल बेट्स. बाबांनी दादाला परत वाचायला सांगितलं. दादा म्हणाला, "गोरा आहे तो, बाबा. रंग लावलाय." आमच्या टीव्हीवर रंग दिसत नव्हता, त्यामुळे कोणालाच कळलं नव्हतं. बेट्सचा जन्म झाशीचा हे मी पुढे कधीतरी वाचलं, म्हणजे बाबांचा कान चुकला नव्हता. त्या रात्री ते एवढंच म्हणाले, "मग त्याला साहेब करायचा. बेअरर आपल्यातला कोणी केला असता." चहावाला आणि पंखावाला आपल्याकडचेच नट होते. मोठं काम तेवढं रंग लावून झालं.

शुक्रवारी बाबा कामावर गेले. घरी येऊन काही बोलले नाहीत.

मला कळलं ते उन्हाळ्यात. बाबा चष्मा विसरून गेले होते, आईने तो देऊन मला पाठवलं. कारखान्याच्या फाटकावर मी आमचं आडनाव सांगितलं, सावकाश, शाळेत सांगायचे तसं. फाटकावरच्या माणसाला कळेना. मी म्हटलं, स्टोअरमध्ये असतात, भारतीय आहेत. त्याचा चेहरा एकदम उजळला आणि तो आत वळून ओरडला, "रंगी! तुझी पोरगी आलीये!" बाबा हातात ड्रिलच्या बिट्सचा ट्रे घेऊन बाहेर आले, आणि त्या हाकेला 'ओ' देत आले. मागून कोणीतरी विचारलं, आजची हिंदू म्हण कोणती. मालिकेत तो बेअरर दर भागात कॅमेऱ्याकडे बघून मनगढंत 'हिंदू म्हणी' सांगायचा आणि स्वतःला 'आम्ही ब्रिटिश' म्हणवायचा, त्यावरून. त्याआधी कारखान्यात त्यांना आडनावाने हाक मारायचे, मोडकंतोडकं का होईना. मालिका १९८१ पर्यंत चालली. नवे भाग लागले की चेष्टा नव्याने सुरू व्हायची.

दादाचं आणि माझं भांडण इथे आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही. दादा म्हणतो, कारखान्यात वेल्शमनला टॅफी म्हणायचे, आयरिशला पॅडी म्हणायचे, बाबांना रंगी म्हणाले, त्यात काय? बाबा स्वतः हसले होते ती मालिका बघून. आणि तुला स्लेड हवा असेल तर रंगी रामही घ्यावा लागेल, काळ घ्यायचा तर अख्खा घ्यायचा.

बाबा हसले ते हिंदीला आणि वाळूला. माणूस एकदा हसला म्हणजे त्याने सात वर्षांची सही दिली असं होत नाही. टॅफी म्हणणाऱ्याने टॅफीचं आडनाव विसरलेलं मी पाहिलेलं नाही. आणि अख्खा काळ कोणीच घेत नाही. दादाही घेत नाही. बीबीसीने आमच्यासारख्यांसाठी 'नई जिंदगी नया जीवन' हा कार्यक्रम इथेच बर्मिंगहॅममध्ये केला, रविवारी सकाळी लागायचा, आई त्यासाठी आठवडाभर थांबायची. आठवणी काढताना दादा त्याचं नावसुद्धा घेत नाही.

एवढं वाचून दादा क्लॅप्टन काढेल, म्हणून मीच काढते. ऑगस्ट १९७६, बर्मिंगहॅमचं ओडियन थिएटर. गिटारवाला एरिक क्लॅप्टनने भर मंचावरून इनॉक पॉवेलची, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या विरोधात बोलणाऱ्या पुढाऱ्याची, बाजू घेतली आणि परदेशी लोकांना हाकला अशा अर्थाचं बरंच बरळला. पॉवेलचं १९६८ चं भाषणही याच शहरातलं, त्यानंतरचे आठवडे शाळेत कसे गेले ते मला पक्कं आठवतंय. म्हणजे गाण्यांचं जग धुतल्या तांदळाचं होतं असं नाही. सुरुवातीला स्लेडसुद्धा डोकी भादरून स्किनहेडच्या, म्हणजे आमच्यासारख्यांना मारहाण करण्याबद्दल बदनाम असलेल्या पोरांच्या, वेशात फिरायचे. पण पुढे काय झालं बघा. क्लॅप्टनच्या त्या बोलण्यावर चिडून गाण्यांच्याच जगातल्या लोकांनी 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही वंशद्वेषाविरुद्धची चळवळ उभी केली. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा निघाला आणि तिथे द क्लॅशच्या बरोबरीने आमच्या हॅंड्सवर्थचा स्टील पल्स वाजला. काळी पोरं, आमच्या वस्तीतली. गाण्यांच्या जगात घाण झाली ती त्याच जगाने उचलली. टीव्हीने तसं केलं नाही. गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून गाण्याचा 'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' बीबीसीवर १९५८ ला सुरू झाला, १९६७ मध्ये तो बंद करा म्हणून अर्ज गेला, आणि बंद झाला १९७८ मध्ये.

म्हणून सांगते, त्या गाण्यांसाठी जीव तुटत असेल तर खुशाल तुटू द्या, आणि त्यासोबत बाकीचं गिळलंच पाहिजे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. गाण्यांवर आपलाही हक्क आहे, आणि तो पुरता छापील आहे. सुरुवात विचारलीत ना? बीटल्सचं 'रिव्हॉल्व्हर' घ्या, १९६६ चं. पहिल्या बाजूचं चौथं गाणं, 'लव्ह यू टू'. तबला ऐका. पाकिटाच्या मागे तबलजीचं नाव छापलंय, अनिल भागवत. दादाने ती रेकॉर्ड आणली तेव्हा पॉपला 'किंचाळणं' म्हणणाऱ्या आईने चष्मा लावून ते नाव वाचलं, आणि मग गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं. पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर'वर 'विदिन यू विदाउट यू'मध्ये दिलरुबा वाजवणारे अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. त्यांची नावं मात्र पाकिटावर नव्हती, लोकांना कळायला पन्नास वर्षं लागली. ती माहीत करून घेऊन ऐका.

मग स्लेडचं १९७३ चं 'कम ऑन फील द नॉइझ', मग सॅबथचा पहिला अल्बम, मग स्टील पल्सचा 'हॅंड्सवर्थ रिव्होल्यूशन'. टीव्हीत डॉक्टर हू बघा, मॉंटी पायथन बघा, मोरकम अँड वाइज बघा.

आणि 'इट एंट हाफ हॉट मम'सुद्धा बघायचं असेल तर बघा. बीबीसी ती पुन्हा दाखवत नाही, पण डीव्हीडी मिळते. बंदी घाला असं मी कधीच म्हटलेलं नाही, दादा तसं सांगत फिरतो ते खोटं आहे. विंडसर डेव्हिसचा सार्जंट मेजर आजही मला हसवतो, आणि चहावाला झालेला डिनो शफिक फार गुणी नट होता. दुसऱ्या घरांत ती मालिका आवडीने बघत असतील, त्यांच्यावर माझा राग नाही. हे सगळं बर्मिंगहॅमचं आणि आमच्या घरचं आहे, लंडनच्या साऊथॉलला वाढलेले आपले लोक वेगळं सांगतील.

दादा माझी उत्तरं वाचतो. या वेळी फोन करू नकोस, खाली प्रतिक्रियेतच लिही, आणि फाटकावर तू एकदाही आला नव्हतास हे पहिल्या ओळीत लिही.