गोळ्या पुरवून घेणाऱ्या माणसाची चिडचिड

“मधुमेह झाल्यापासून मी फार चिडका झालो आहे, घरातल्यांशी पटेनासे झाले आहे आणि औषधांच्या खर्चाचा विचार मनात आला की झोप लागत नाही, हा माझ्या स्वभावाचा दोष समजायचा का?” समुपदेशनासाठी येणारे अनेक जण हा प्रश्न आपापल्या शब्दांत विचारतात. आजार, पैसा आणि नाती या तिन्ही गोष्टी त्यात एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि विचारणाऱ्याने त्यांपैकी बहुधा एकच बोलून दाखवलेली असते. म्हणून थेट उत्तर देण्याऐवजी एका दांपत्याबरोबर केलेल्या कामाचा अनुभव येथे मांडते. त्यांची ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले होते आणि त्यांना टाइप २ मधुमेह असल्याचे निदान होऊन काही वर्षे लोटली होती. भेटीची वेळ मात्र त्यांच्या पत्नीने ठरवली होती. पूर्वी शांत असणारा हा माणूस आता क्षुल्लक कारणावरून आवाज चढवतो, मुलांशी बोलणे टाळतो आणि आजाराचा विषय निघाला की ताडकन उठून जातो, अशी त्यांची तक्रार होती. “अहो, मी फक्त साखर किती आली एवढेच विचारते,” असे त्या म्हणाल्या, त्यावर ते म्हणाले, “तू विचारत नाहीस, तू झडती घेतेस.” पत्नीच्या वडिलांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या काळात त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, हे पुढे बोलण्यात आले. त्यांच्या सततच्या चौकशीमागे ती आठवण उभी होती. परंतु पतीपर्यंत पोहोचत होता तो केवळ पहारा.

येथे एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. मधुमेहासह जगताना येणारा वैताग, दडपण आणि थकवा हा स्वतंत्रपणे अभ्यासला गेलेला विषय आहे. विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या मानसिक ताणाचे मोजमाप करण्यासाठी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि पुढे हा ताण नैराश्याहून वेगळा ओळखला जाऊ लागला. या आजाराला सुट्टी नसते. काय खावे, किती चालावे, गोळी केव्हा घ्यावी, आकडा वाढला तर का वाढला असावा, असे निर्णय रोज घ्यावे लागतात आणि ते सगळे नीट घेतले तरी आकडा कधी कधी मनासारखा येत नाहीच. इतक्या कष्टाचे फळ हाती न लागल्यावर माणूस चिडला, तर त्याला स्वभावदोष म्हणण्यास मी तयार नाही.

शिवाय चिडचिडीला शरीराचीही बाजू असते. रक्तातील साखर दीर्घकाळ चढलेली राहिली की थकवा येतो आणि रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागल्याने झोप तुटते. उलट ती ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली उतरली तर घाम येणे, हात थरथरणे आणि छातीत धडधडणे यांच्याबरोबरच माणूस अचानक तिरसट वागू लागतो. या घरातील वाद बरेचदा जेवणाला उशीर झाला की होत, हे पत्नीच्या बोलण्यातून समजले. गृहस्थांच्या औषधांत ग्लिक्लाझाइड ही सल्फोनिलयुरिया गटातील गोळी होती आणि या गटातील गोळी घेऊन जेवण लांबले तर साखर उतरू शकते. त्यामुळे अशा वेळी वाद घालण्याआधी साखर मोजून पाहावी, एवढे मी पहिल्याच भेटीत सुचवले आणि ही नोंद डॉक्टरांना दाखवण्यास सांगितले.

तरीही एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. इतर विषयांवर हे गृहस्थ समजुतीने बोलत, मग “साखर किती आली?” याच प्रश्नावर ते इतके का उसळत असावेत? पुढची भेट मी त्यांच्या एकट्याबरोबर ठेवली. “औषधे नियमित घेता ना?” असे मी कधीच विचारत नाही, कारण त्या प्रश्नात अपेक्षित उत्तर आधीच दडलेले असते आणि माणूस सवयीने होकार देऊन मोकळा होतो. मी त्यांना म्हणाले, “खर्च जड जाऊ लागला की पुष्कळ लोक गोळ्या पुरवून पुरवून घेतात. तुमच्यावर तशी वेळ येते का?” त्यांनी मग सगळा हिशेबच सांगितला. सर्वांत महाग गोळी ते दिवसाआड घेत होते, महिनाअखेरीस रात्रीची गोळी बंद ठेवत होते आणि तपासणीच्या पट्ट्या महाग पडतात म्हणून साखर क्वचितच मोजत होते. पत्नीने विचारले की मनाला येईल तो बरा आकडा सांगून टाकत.

त्यांच्या रागाचे मूळ येथे होते. पत्नीचा साधा प्रश्न त्यांच्यासाठी दरवेळी एक नवे खोटे रचण्याची सक्ती होता. हे सर्व त्यांनी स्वार्थापोटी केले नव्हते. घरात मुलांचे शिक्षण चालू होते, मिळकत वाढत नव्हती आणि ज्या एका खर्चाला कात्री लावली तर कोणाच्या लक्षात येणार नाही असे त्यांना वाटले, तो खर्च त्यांच्या स्वतःच्या औषधांचा होता. “माझ्या एकट्यावर एवढे पैसे जातात, याचीच लाज वाटते,” असे ते म्हणाले. घर चालवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी ते ऐकताना मला वाईट वाटते, कारण औषध ही त्या माणसाची चैन नसते. तो पुढेही कमावता आणि हिंडता-फिरता राहावा यासाठी साऱ्या घराला लागणारी ती गरज असते.

गोळ्या कमी करण्यापेक्षाही, त्या कमी केल्याचे लपवल्याने अधिक नुकसान होत होते. फेरतपासणी जवळ आली की ते आठ-दहा दिवस सगळी औषधे काटेकोरपणे घेत. त्यामुळे उपाशीपोटीची साखर बऱ्यापैकी दिसे. पण एचबीएवनसी या चाचणीत मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, ती मात्र चढलेलीच येई. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्यातील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर ही चाचणी मोजते, म्हणून शेवटच्या आठवड्यातील शिस्तीने तिचा निकाल फारसा बदलत नाही. लिहून दिलेली सर्व औषधे हा माणूस घेतो आहे, असे गृहीत धरणाऱ्या डॉक्टरांना यातून एवढाच अर्थ काढता येत होता की औषधे अपुरी पडत आहेत. म्हणून त्यांनी आधी एक नवी गोळी वाढवली आणि गेल्या भेटीत इन्सुलिनचा विषय काढला. नव्या गोळीने खर्च वाढला, खर्च वाढल्याने गोळ्या आणखी लांबवल्या गेल्या आणि आकडा आणखी चढला. उद्या काही कारणाने त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले असते आणि कागदावरील पूर्ण मात्रा एकदम सुरू झाली असती, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचीही शक्यता होती.

औषध कोणते घ्यावे हे ठरवणे माझे काम नव्हे आणि तशी मर्यादा प्रत्येक समुपदेशकाने पाळलीच पाहिजे. माझे काम हे होते की डॉक्टरांसमोर खरे बोलण्यासाठी त्यांना शब्द आणि धीर मिळावा. आम्ही एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढल्या: प्रत्यक्षात कोणती गोळी किती दिवसांनी घेतली जाते, औषधांसाठी दरमहा किती रक्कम ओढाताण न होता बाजूला काढता येते आणि साखर उतरल्यासारखे केव्हा केव्हा वाटले. “डॉक्टर, लिहून दिलेली सर्व औषधे मला परवडत नाहीत, म्हणून मी ती कमी घेत आलो आहे,” हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने म्हणून पाहिले. पहिल्यांदा ते अर्ध्यावर अडले, कारण आयुष्यात कोणापुढेही ‘परवडत नाही’ असे म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. गोळ्यांचे प्रमाण त्या भेटीपूर्वी स्वतःच्या मनाने वाढवायचे नाही, हेही मी बजावले.

डॉक्टर रागावतील ही त्यांची भीती खोटी ठरली. हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे अहवाल पाहून डॉक्टरांनी नवी महाग गोळी तूर्त थांबवली, मेटफॉर्मिन आणि ग्लिक्लाझाइड ही दोन जुनी औषधे नियमित घेण्यास सांगून त्यांची मात्रा टप्प्याटप्प्याने ठरवली, ती मूळ घटकाच्या नावाने मिळणाऱ्या स्वस्त स्वरूपात लिहून दिली आणि इन्सुलिनचा निर्णय तीन महिने पुढे ढकलला. पट्ट्यांच्या बाबतीत, रोज धास्तीने मोजण्यापेक्षा ठरावीक दिवशी जेवणाआधी आणि जेवणानंतर मोजावे, आणि साखर उतरल्याची शंका आली की मात्र लगेच मोजावे, असे ठरले.

घरी आल्यावर त्यांना वेगळीच शंका आली: औषध स्वस्त म्हणजे उपचार हलक्या दर्जाचा तर नाही ना? ही शंका इतकी सर्वत्र आढळते की तिला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. मेटफॉर्मिन १९५० च्या दशकापासून वापरात आहे आणि मेटफॉर्मिन, ग्लिक्लाझाइड तसेच मानवी इन्सुलिन ही तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सल्फोनिलयुरिया, इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन याच औषधांच्या आधारे साखर आटोक्यात ठेवल्याने, विशेषतः डोळे आणि मूत्रपिंड यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना होणारी इजा कमी होते हे दिसून आले. स्वस्त औषध नियमित घेणे हे महाग औषध दिवसाआड घेण्यापेक्षा बहुतेकांच्या बाबतीत कितीतरी हिताचे ठरते. तरीही येथे एक अट आहे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना काही नव्या औषधांचा साखरेपलीकडेही फायदा होतो, त्यामुळे कोणती गोळी वगळता येईल याचा निवाडा अहवाल पाहिलेल्या डॉक्टरांनीच करावा. ‘त्यांची गोळी बंद केली, मग माझीही बंद’ असे करू नये.

आता राहिला घरातला ताण. पत्नीला सत्य सांगण्याची भेट कठीण होती. त्यांना गोळ्या चुकवल्याचे दुःख झालेच. पण त्याहून अधिक लागले ते हे की एवढा काळ त्या खोट्या आकड्यांवर विश्वास ठेवून निश्चिंत होत राहिल्या. मी त्यांची समजूत घालण्याची घाई केली नाही, कारण फसवले गेल्याची वेदना खरी असते आणि समोरच्याचा हेतू चांगला होता म्हणून ती नाहीशी होत नाही. त्या बोलून मोकळ्या झाल्यावर त्यांनीच विचारले, “मी काय विचारले तर तुम्हाला बरे वाटेल?” बऱ्याच चर्चेनंतर त्यांनी ठरवले की आकड्यांची वही दोघांनी मिळून आठवड्यातून एकदा, जेवण झाल्यावर पाहायची आणि एरवी कोणीही साखरेचा विषय काढायचा नाही, अपवाद फक्त साखर उतरल्याची लक्षणे दिसण्याचा. औषधांची रक्कम घरखर्चाच्या यादीत भाडे आणि शिक्षण यांच्या बरोबरीने लिहिली जाऊ लागली, म्हणजे ती उरलेल्या पैशांतून भागवायची राहिली नाही.

अशाच अडचणीत असलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी स्पष्टपणे सांगते. ज्यांना टाइप १ मधुमेह आहे त्यांनी इन्सुलिन पुरवून घेण्याचा विचार कधीही करू नये, कारण ते थांबल्यास अगदी थोड्या काळात रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकते. साठा संपत आला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा जवळच्या रुग्णालयाला गाठून तसे सांगावे. दुसरी गोष्ट मनाबद्दलची आहे. मधुमेहाचा वैताग बहुधा आजाराच्या कामांभोवती फिरतो. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची मदत वेळ न दवडता घ्यावी. घरात इन्सुलिनचा साठा असलेल्या माणसाच्या बाबतीत तर कुटुंबीयांनी अशा बोलण्याकडे जराही दुर्लक्ष करू नये.

तीन महिन्यांनी त्या गृहस्थांचे एचबीएवनसी खाली आले, मात्र डॉक्टरांनी ठरवलेल्या पातळीपर्यंत अजून पोहोचलेले नव्हते. त्यांची ओढाताण संपलेली नाही आणि कधीमधी ते अजूनही चिडतात; फरक इतकाच की आता ते कशावर चिडले आहेत हे सांगू शकतात आणि पत्नीला ते समजून घेता येते. वर्षातून एकदा करायची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी त्यांनी खर्चाच्या भीतीने लांबवली होती, हे अखेरच्या भेटीत निघाले. यावेळी त्यांनी ते स्वतःहून सांगितले आणि पुढच्या महिन्याच्या खर्चात कोणती रक्कम त्या तपासणीसाठी धरायची, यावर त्या दोघांनी तेथेच बोलणी सुरू केली.