शंभर टनी रोबो आणि 10,167 रुपयांचा हप्ता

वाचकाचं पत्र: मी 27 वर्षांचा आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत टूल डिझाइनला आहे, पगार हातात 46,000 येतो. सिडकोत आईबाबांसोबत राहतो, घरी 14,000 देतो. बाइकचा हप्ता 3,400, तो अजून सात महिने. पेट्रोल, मोबाइल, बाहेरचं खाणं मिळून 8,000. एसआयपी 3,000. बँकेत 1,15,000 आहेत. महाकाय रोबोंच्या गेम्सचं मला शाळेपासून वेड आहे: मेकवॉरियर, बॅटलटेक, आर्मर्ड कोअर. 2019 च्या लॅपटॉपवर आता भागत नाही. पीसी 1,55,000 आणि मॉनिटर 28,000, दोन्ही 18 महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घ्यायचं म्हणतोय. जॉयस्टिक, थ्रॉटल (वेगाचा दांडा) आणि पेडलचा संच 52,000 चा, तो शिलकीतून. पुढे स्टील बटालियन या रोबोंच्या गेमचा जुना कंट्रोलर परदेशातून मागवायचा आहे, तो गुंतवणूक म्हणून. महिन्याला 17,600 उरतात, हप्ता 10,167 बसेल. बाबा म्हणतात, खेळण्यासाठी कर्ज काढणारा पहिलाच बघितला. आई म्हणते, आधी लग्नाचं बघ. घेऊ का?

उत्तर:

तुमच्या पत्रातला 2,35,000 चा खर्च मला खटकला नाही. खटकला तो 17,600 हा आकडा. म्हणून मी तुम्हाला उलट विचारलं, की वर्षभरापूर्वी खात्यात किती होते? तुम्ही कळवलंत, 67,000. म्हणजे वर्षात वाढले 48,000, महिन्याला 4,000. कागदावर महिन्याला 17,600 उरत असतील तर वर्षाचे 2,11,200 व्हायला हवे होते. महिन्याचे 13,600 कुठे जातात हे तुम्हालाच माहीत नाही, आणि त्याच पैशांवर तुम्ही हप्ता बसवताय. उरतात असं वाटतं ती शिल्लक नव्हे, खात्यात वाढतात ती शिल्लक.

हे मी तुम्हाला सांगावं लागू नये, कारण तुम्ही हाच हिशेब खेळता. 1999 साली कॅनडा कॉर्नरजवळच्या एका सायबर कॅफेत मी पहिल्यांदा मेकवॉरियर 2 चालवला. तास संपायला आला तरी उठवत नव्हतं. पाय एका दिशेला, धड दुसऱ्या दिशेला वळवत चालणारं ते यंत्र मी अजून विसरलो नाही. त्यामुळे या वेडाकडे मी पोरखेळ म्हणून बघत नाही. 2018 च्या बॅटलटेकमध्ये तुम्ही भाडोत्री सैनिकांच्या तुकडीचे प्रमुख असता. महिना संपला की वैमानिकांचे पगार आणि यंत्रांची देखभाल वजा होते, आणि तिजोरी रिकामी झाली की मोहीमच संपते. आर्मर्ड कोअरमध्ये मोहिमेचं मानधन कितीही दिसलं तरी दारूगोळा आणि दुरुस्ती वजा होऊन जे राहतं तेच तुमचं. तिथे तुम्ही मानधनाच्या आकड्यावर नवी तोफ घेत नाही. इथे घेताय.

आता तुमचा बेत 4,000 च्या खऱ्या शिलकीवर चालवून बघू. 1,15,000 मधून जॉयस्टिकचे 52,000 गेले, राहिले 63,000. हप्ता 10,167, शिल्लक 4,000, म्हणजे दर महिन्याला 6,167 कमी पडणार. सात महिन्यांत खात्यातून 43,000 च्या वर जातील. मग बाइकचा हप्ता सुटेल आणि तूट 2,767 वर येईल. तरी पंधराव्या महिन्यात खातं कोरडं पडतं आणि हप्ते मात्र अठरा आहेत. यात मी एकही आजारपण, एकही लग्नाचा आहेर, बाइकचा एकही टायर धरलेला नाही. मग शेवटचे हप्ते क्रेडिट कार्डावर ढकलले जातात. कार्डाची थकबाकी पुढे ओढली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचे 42 टक्के. माझ्याकडे येणारी कार्डाची बहुतेक प्रकरणं अशीच सुरू झालेली असतात, मोठ्या उधळपट्टीने नाही.

‘नो कॉस्ट’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं. बँक व्याज सोडत नाही. व्याजाइतकी सूट विक्रेता किंवा कंपनी आधी देते आणि बँक ते व्याज हप्त्यातून वसूल करते. दर 15 टक्के धरला तर तुमच्या 1,83,000 मध्ये सुमारे 20,000 व्याजाचे आहेत. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुम्हीच भरता, म्हणजे 3,600 च्या जवळपास, शिवाय प्रोसेसिंग फी. खरी गोष्ट पुढे आहे: विक्रेता जर हप्तेवाल्यासाठी ही सूट सोसत असेल, तर रोख घेणाऱ्याने ती मागायलाच हवी. दुकानात जाऊन स्पष्ट विचारा, “ईएमआय नको, एकरकमी देतो, किती कमी कराल?” सगळे 20,000 सुटणार नाहीत, पण काहीतरी नक्की सुटेल.

आता सेटअपबद्दल, आणि इथे जरा थांबतो, कारण पैसे इथेच वाचणार आहेत. तुम्ही तीन गेम्सची नावं लिहिलीत आणि तिघांसाठी एकच यादी केलीत. बॅटलटेक हा पाळीपाळीने चाली रचण्याचा खेळ आहे, तो माउसने खेळायचा. त्याला पेडल नकोत आणि दीड लाखाचा पीसीही नको. आर्मर्ड कोअरचा सहावा भाग, आर्मर्ड कोअर 6, हा 2023 च्या ऑगस्टमध्ये आला तो पीसीबरोबरच प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन या गेम खेळायच्या जुन्या यंत्रांवरही. त्याची सगळी रचना हातातल्या गेमपॅडसाठी आहे, जॉयस्टिक तिथे अडगळच होईल. राहिला मेकवॉरियर. धड वेगळं आणि पाय वेगळे वळवायचे असल्याने तिथे जॉयस्टिक आणि पेडलची मजा खरी आहे, हे मी मान्य करतो. पण 52,000 ची वस्तू तीनपैकी एका गेमसाठी आहे, आणि तो गेम असंख्य लोक कीबोर्ड-माउसवरही उत्तम खेळतात. मेकवॉरियर ऑनलाइन 2013 पासून फुकट खेळता येतो. सहा महिने तोच खेळा, आठवड्यातून किती संध्याकाळी बसलात ते कॅलेंडरवर टिपत चला. आकडा भरला तर जॉयस्टिक घ्यायला मीच सांगेन.

आर्मर्ड कोअर 6 मध्ये एक सोय आहे जी आपल्याकडे नाही. तिथे विकत घेतलेला भाग दुकानात परत दिला की घेतल्या किमतीला जातो, म्हणून खेळाडू बिनधास्त प्रयोग करतो. ग्राफिक्स कार्ड तसं नाही. बिल फाटलं की भाव पडतो आणि नवी पिढी आली की आणखी पडतो. एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो: 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढलेत, त्यामुळे थांबलात तर यंत्र हमखास स्वस्त मिळेल असं मी म्हणणार नाही. तरीही थांबा म्हणतो, कारण भाव चढला तरी तो एकदाच सोसावा लागतो. रिकाम्या खात्याची धास्ती अठरा महिने सोबत राहते.

स्टील बटालियनच्या कंट्रोलरवर मात्र माझं उत्तर सरळ नाही असं आहे. 2002 साली आलेली ती वस्तू अद्भुत आहे, चाळीसेक बटणं, तीन पेडल, टेबलभर पसारा, हे सगळं खरं. पण ती बनवली आहे पहिल्या एक्सबॉक्ससाठी. म्हणजे वीस वर्षांहून जुनं यंत्रही शोधा, ते आपल्या विजेवर चालेल याची सोय करा, आणि एखादं बटण गेलं तर नाशकात ते दुरुस्त कोण करणार? मागवताना सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर लागतं तसं कुरिअर आणि विम्याची रक्कम धरूनही लागतं, आणि एवढ्या मोठ्या खोक्याचं कुरिअर स्वस्त नसतं. उद्या विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक इथे नाही, परदेशात आहे, तिथे पाठवण्याचा खर्च पुन्हा तुमच्याच माथी. भाव वाढेलही, पण तो तुमच्या हातात पडणार नाही. हौस म्हणून कधीतरी घ्या, गुंतवणूक या रकान्यात लिहू नका.

त्याच खेळातलं एक बटण तुम्हाला चांगलं माहीत असेल. यंत्र फुटायच्या आत इजेक्ट, म्हणजे वैमानिकाला बाहेर काढणारं बटण, दाबलं नाही तर वैमानिक मरतो आणि तुमची साठवलेली प्रगतीच पुसली जाते. तुमचे 1,15,000 हे तुमचं इजेक्टचं बटण आहे. घरचे पैसे, हप्ता आणि खर्च मिळून तुमचा महिना 25,400 चा आहे, चार महिन्यांचे एक लाख होतात. तुमच्या कंपनीचं बरंचसं काम ओझरच्या विमान कारखान्याच्या सुट्या भागांचं, असं तुम्ही कळवलंय. हे काम अभिमानाचं आहे, पण पुरवठादाराला ऑर्डर कधी भरभरून येतात, कधी महिनोन्‌महिने येत नाहीत, हे अंबड-सातपूरमध्ये कोणालाही विचारा. म्हणून एक लाखाची एफडी करा, दोन तुकड्यांत, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येईल.

पीसीच्या आधी आणखी एक काम आहे. तुम्ही कळवल्याप्रमाणे बाबा 58 चे आहेत, त्यांना साखर आहे, आणि दोघांचं आरोग्य विमा संरक्षण फक्त तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत आहे. नोकरी बदलली की ते गेलं. आईबाबांसाठी वेगळी पॉलिसी आताच घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. तो जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. प्रस्तावात साखरेचा आजार स्पष्ट लिहा, लपवू नका.

मग रोबो कधी? शिल्लक राहिलेल्या 15,000 मधून आता चांगला गेमपॅड घ्या. लॅपटॉपमध्ये जागा असेल तर एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा. गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढा आणि हरवलेल्या 13,600 चा माग काढा. त्यात गेम्सच्या सेलमध्ये घेतलेले आणि न उघडलेले गेम्सही निघतील, असा माझा अंदाज आहे. त्यातले निम्मे जरी सापडले तरी 6,800 होतात. त्यात खात्यात वाढणारे 4,000 मिळवा, त्यातून विम्याचा हप्ता बाजूला काढा आणि 6,000 ची आरडी सुरू करा. तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा, महिनाअखेरची नको. सात महिन्यांनी बाइक सुटली की ते 3,400 दुसऱ्या आरडीत. वर्षाअखेर 72,000 आणि 17,000, असे 89,000 हातात असतील. दिवाळीचा बोनस यात मी धरलेला नाही. आमची निफाडला द्राक्षबाग होती, आणि माल गाडीत चढल्याशिवाय वडील पैसे मोजत नसत. बोनस आला तर लाखाच्या पुढे जाल. तेवढ्यात तुमचे तिन्ही गेम्स नीट चालवणारा पीसी बसतो, सोबत यूपीएस घ्या. मॉनिटर त्यानंतरच्या चार महिन्यांत, जॉयस्टिक कॅलेंडरने कौल दिला तर त्याच्याही पुढे.

बाबांशी बोलताना एक लक्षात घ्या. त्यांच्या पिढीला ऑनलाइन गेम म्हटलं की रमीच्या जाहिराती आणि बुडालेले संसार आठवतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, तो त्यांनी वाचला असेल. तुमच्या खेळात पैसे लावायचे नसतात, हे त्यांना शेजारी बसवून एकदा दाखवा. आणि लग्नाची बोलणी सुरू होतील तेव्हा समोरच्या मुलीला ही आरडी कशासाठी आहे ते पहिल्या-दुसऱ्या भेटीतच सांगा.

स्टेटमेंट तपासून झालं की 13,600 मधले किती सापडले ते कळवा. 6,000 पेक्षा कमी निघाले तर आरडीचा आकडा आपण पुन्हा बसवू.