"व्यायाम करतानाच पडले तर?"

"मॅडम, तोल सांभाळायचा व्यायाम करायचा म्हणे! तो करतानाच पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर कोण निस्तरणार?"

पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) रुग्णांचे घरचे हा प्रश्न विचारतात, तेव्हा मला एक काका-काकू आठवतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काका आत आले तेच काकूंनी दंड घट्ट धरलेला. खुर्चीत बसवलं, सदरा सारखा केला, आणि मी काकांना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर काकूंनीच दिलं. सहा महिन्यांपूर्वी बाथरूमच्या उंबऱ्याशी काकांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले आणि ते पडले. फारसं लागलं नाही. पण तेव्हापासून सकाळचं फिरणं बंद, पूजेची फुलं आणणं बंद, कट्ट्यावरचे मित्रही बंद. दिवसभर टीव्ही चालू, काकांचं लक्ष भलतीकडेच. रात्री झोप नाही.

काकूंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. या आजारात आवाजही बारीक होतो, म्हणून मी खुर्ची पुढे ओढली. काका म्हणाले, "पडण्याचं काही नाही हो. पण मी आता घरातलं सामान झालोय. इथून उचलायचं, तिथे ठेवायचं."

हे वाक्य मी विसरलेले नाही.

पार्किन्सन्समधली उदासी म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे. मेंदूतलं डोपामिन घटतं, सेरोटोनिनसारख्या रसायनांवरही परिणाम होतो; काही जणांना तर हात थरथरायला लागण्याआधीच मन काळवंडल्यासारखं होतं. म्हणून आधी मी त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. व्यायाम हा गोळीला पर्याय आहे असं मी कधीच सांगत नाही. पण काकांच्या उदासीत भीतीचाही वाटा होता. पडू म्हणून चालायचं नाही, चालत नाही म्हणून पाय दुबळे, पाय दुबळे म्हणून पडण्याची शक्यता आणखी वाढलेली. काकूंची माया नकळत त्यात भर घालत होती, आणि हे त्यांना सांगणं मला जड गेलं.

"व्यायाम करतानाच पडले तर?" या काकूंच्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. २०१२ साली अमेरिकेत १९५ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिने, आठवड्यातून दोनदा ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) करणारे लोक नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा कमी पडले. हाँगकाँगमध्ये २०१९ साली १३८ रुग्णांवरचा अभ्यास आला. सजगतेसह, म्हणजे त्या क्षणाकडे लक्ष ठेवून, योग करणाऱ्यांची हालचाल इतर व्यायाम करणाऱ्यांइतकीच सुधारली, पण त्यांची चिंता आणि उदासी जास्त उतरली.

फिजिओथेरपिस्टने आधी उठल्यावर रक्तदाब घसरतो का ते पाहिलं, मग स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी सुरुवात केली. वेळ ठरली गोळी घेतल्यानंतर साधारण तासाभराची, शरीर मोकळं असताना. ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलायच्या. बाजूला पावलं टाकायची. वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा फेरा घ्यायचा. उंबऱ्यापुढे फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. पाय अडला की थांबायचं, श्वास घ्यायचा, "एक, दोन" म्हणत पट्टी ओलांडायची. काकूंना एकच नियम: पाय अडला असताना ओढायचं नाही, ओढल्याने तोल जास्त जातो. जवळ उभं राहायचं, हात मात्र त्यांनी मागितला तरच द्यायचा.

पहिल्या आठवड्यात काकूंचा हात सारखा पुढे यायचा. शेवटी त्यांनी पदराचं टोक दोन्ही मुठींत धरून ठेवायची सवय लावली.

आजार गेलेला नाही, जाणारही नाही. काही दिवस गोळीचा असर लवकर उतरतो, तेव्हा काका गप्पच असतात. पण तीन महिन्यांनी काका आले ते दारातून स्वतः चालत. टेबलावर रुमालाची पुरचुंडी ठेवली, हात थरथरत होता तरी गाठ स्वतःच सोडली. आत सोसायटीच्या बागेतली तगरीची फुलं होती. "काकू कुठे?" मी विचारलं.

"येतेय मागून," काका म्हणाले. "मीच पुढे आलो."